परदेशी बाजारात आयात फळ विकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लागवड, फवारणी, परवाने यांची माहिती या पानावर मिळणार नाही. माल परक्या देशाच्या बंदरात उतरला की पुढे त्याचं काय होतं, आणि तो नीट विकला जावा म्हणून आधीपासून काय करावं लागतं, एवढाच इथला विषय आहे. प्रश्न साधारण ज्या क्रमाने विचारले जातात त्याच क्रमाने ठेवलेत. एक बदल मात्र मुद्दाम केला आहे. लोक लोगोबद्दल सगळ्यात आधी विचारतात आणि क्लेमबद्दल (माल खराब निघाला म्हणून खरेदीदाराने मागितलेल्या भरपाईबद्दल) सगळ्यात शेवटी, बहुतेकदा पहिला क्लेम आल्यावर. म्हणून क्लेम वर घेतलाय.

आमचं फळ चवीला सरस आहे. तेवढ्यावर ते विकलं जाणार नाही का?

एकदा विकलं जाईल. तुमच्यासमोर बसलेल्या खरेदीदाराने त्याच आठवड्यात आणखी चार देशांची फळं चाखलेली असतात आणि त्यातली निदान तीन उत्तम असतात. त्याच्या डोक्यात वेगळाच प्रश्न असतो: सहा आठवड्यांनी हीच चव, हाच आकार आणि ठरल्या तेवढ्या पेट्या मिळतील का? नमुन्याची पेटी सगळेच निवडून भरतात, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

गिऱ्हाईक दुसऱ्यांदा त्या फळापाशी येतं ते चवीमुळे. पण मग ती चव मोजता आली पाहिजे. न्यूझीलंडच्या किवी उत्पादकांची झेस्प्री ही कंपनी तोडणीआधी फळातलं कोरड्या पदार्थाचं प्रमाण तपासते आणि ते चांगलं असेल तर उत्पादकाला जादा पैसे देते. किवी तोडताना आंबट असतो. त्यातल्या स्टार्चची पुढे साखर होते. त्यामुळे पिकल्यावर तो किती गोड लागेल याचा अंदाज कोरड्या पदार्थावरून आधीच येतो. ‘आमचं फळ फार गोड आहे’ या वाक्याला बाजारात काडीची किंमत नाही. ‘अमुक ब्रिक्सच्या (ब्रिक्स म्हणजे गोडीचं माप) खालचा लॉट आम्ही भरत नाही’ या वाक्याला आहे, पण ते दर खेपेला खरं ठरलं तरच.

उलटं उदाहरणही आहे. अमेरिकेतलं रेड डिलिशस सफरचंद गडद लाल रंगासाठी निवडत निवडत पुढे नेलं गेलं आणि चव मागे राहिली. ते पन्नासहून जास्त वर्षं तिथल्या उत्पादनात पहिल्या क्रमांकावर होतं. २०१८ च्या सुमारास गाला या दुसऱ्या वाणाने त्याला मागे टाकलं. लोक रंगाला बरीच वर्षं फसतात, पण कायमचे फसत नाहीत.

आमचा खरा ग्राहक कोण? खाणारा की आयातदार?

पैसे शेवटी खाणाऱ्याच्याच खिशातून येतात. पण त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधी तुमचं फळ तीन-चार जणांना विकावं लागतं आणि प्रत्येकाची भीती वेगळी असते. आयातदार घाबरतो माल अडकण्याला. घाऊक व्यापारी घाबरतो उद्याच्या आवकेला. सुपरमार्केटचा खरेदीदार घाबरतो रिकाम्या शेल्फला, कारण त्याचा जाब त्यालाच द्यावा लागतो. दुकानात माल लावणारा माणूस घाबरतो सडलेल्या फळाला, आणि तुमचं फळ पुढे मांडायचं की मागे ढकलायचं हे प्रत्यक्षात तोच ठरवतो.

प्रत्येक बाजाराची घडणही वेगळी. उत्तर युरोपात बरंचसं फळ सुपरमार्केटबरोबर आधी ठरवलेल्या कार्यक्रमाने जातं: आठवड्याला इतक्या पेट्या, अमुक आकार, अमुक पॅकिंग. चीनमध्ये ग्वांगझोच्या जियांगनानसारख्या घाऊक बाजारात कंटेनर उघडून तिथेच दर फुटतो आणि तो आकडा काही तासांत देशभर फिरतो. टोकियोच्या ओटा बाजारात आजही लिलाव होतात. एका बाजारात तुमचं मार्केटिंग म्हणजे वक्तशीर वेळापत्रक, तर दुसऱ्यात पेटी उघडल्यावर दिसणारा पहिला थर.

बाजारात नेमकं कधी उतरावं?

या धंद्यातला सगळ्यात महाग निर्णय हाच. ताज्या फळाला ‘खिडकी’ असते. एका देशाचा माल संपत आलेला असतो आणि दुसऱ्याचा यायचा असतो, त्या मधल्या आठवड्यांत दर मिळतो. दक्षिण गोलार्धातल्या चिली, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड यांचा सारा फळव्यापार याच तत्त्वावर उभा राहिला: उत्तरेत हिवाळा असतो तेव्हा त्यांच्याकडे तोडणी चालते.

पण खिडकी उघडी दिसली की सगळेच आत शिरतात. पेरूचं (देशाचं म्हणतोय, फळाचं नव्हे) ब्लूबेरीतलं यश बघा. २०१० च्या सुमारास तिथून निर्यात जवळपास शून्य होती. दहा-बारा वर्षांत तो देश जगातला सगळ्यात मोठा ब्लूबेरी निर्यातदार झाला, कारण सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात इतरांकडे माल कमी असायचा. आता त्याच आठवड्यांत पेरूचाच इतका माल येतो की सुरुवातीचे दर आठवून उपयोग नाही. खिडकी म्हणजे वारसाहक्काची जमीन नव्हे. दरवर्षी नव्याने मोजावी लागते.

चिलीच्या चेरीची गोष्ट आणखी बोलकी आहे. चिलीच्या चेरी निर्यातीतला सुमारे नव्वद टक्के माल एकट्या चीनला जातो आणि तो खपतो चांद्र नववर्षाच्या आधीच्या आठवड्यांत, भेट म्हणून. हा सण पंचांगाप्रमाणे सरकतो: २०२४ मध्ये १० फेब्रुवारी, २०२५ मध्ये २९ जानेवारी, २०२६ मध्ये १७ फेब्रुवारी. झाडाला हे पंचांग कळत नाही. सण लवकर आला की तोडणी ते सण हे अंतर बारा-पंधरा दिवसांनी आखडतं आणि सगळा माल एकदम येऊन बाजार बसतो. म्हणून खास जलद जहाजं लावतात, जी साधारण तीन आठवड्यांच्या आसपास पोहोचतात. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस चिलीहून निघालेलं असंच एक जहाज पॅसिफिकमध्ये इंजिन बिघडून अडकलं. त्यावर तेराशेहून जास्त कंटेनर चेरी होती. ते चीनच्या बंदराला लागलं तेव्हा सण होऊन जवळजवळ तीन आठवडे उलटले होते. फळ चांगलं असतं तरी काय उपयोग? सण गेला होता.

यातून मी एकच हिशोब धरतो. ज्या दिवशी विकायचं आहे तिथून मागे मोजत या: दुकानातले दिवस, घाऊक बाजारातले दिवस, कस्टम्स आणि तपासणी, समुद्र, पॅकहाउस (जिथे फळ निवडून पेट्यांत भरतात), प्रीकूलिंग (तोडलेलं फळ लगेच थंड करणं). मग तोडणीची तारीख येते. तोडणीपासून पुढे मोजत जाणारे लोक दरवर्षी एक आठवडा उशिरा पोहोचतात.

क्लेम आला तर काय करायचं?

आधी हे मान्य करा की क्लेम येणारच. नाशवंत मालात प्रश्न फक्त कधी आणि किती रकमेचा, एवढाच असतो.

क्लेम लढवायचा तो कागदांवर. कंटेनरमधल्या तापमान नोंदकाचा आलेख, भरताना काढलेले फोटो (पेटीचे, पॅलेटचे आणि दार बंद करण्याआधीचे), पॅकहाउसने बाजूला ठेवलेल्या नमुन्याची स्थिती आणि माल उतरल्यावर त्रयस्थ सर्व्हेअरने केलेली पाहणी. पाहणी किती तासांत करायची आणि किती टक्के दोष दोघांनी चालवून घ्यायचा, हे करारात लिहिलेलं नसेल तर समोरचा म्हणेल ते खरं. एकदा आठ दिवसांनी मला कुजलेल्या द्राक्षांचे फोटो आले. त्या आठ दिवसांत तो माल कुठे, कोणत्या तापमानात पडून होता हे कुणीच सांगू शकलं नाही, आणि माझ्या करारात पाहणीच्या मुदतीचा उल्लेखच नव्हता. तो क्लेम मी भरला. पुढच्या प्रत्येक करारात मुदत आली.

आणि खरोखर आपलीच चूक असेल तर चोवीस तासांत कबूल करून रक्कम ठरवा. घासाघीस करून वाचवलेले पैसे पुढच्या हंगामाच्या दरातून जातात.

दर कसा ठरवावा? आधी पक्का की विक्रीनंतर हिशोब?

ढोबळमानाने तीन पद्धती आहेत. पहिली, पक्का दर: बंदरावर माल चढवला की ठरलेला भाव. दुसरी, अडतीवर माल देणं: आयातदार विकेल, आपला खर्च आणि कमिशन कापेल, उरलेलं पाठवेल. तिसरी या दोन्हींच्या मधली, किमान हमी दर: एवढं तरी मिळेलच, बाजार वर गेला तर फरक वाटून घ्यायचा.

नवखा निर्यातदार पक्क्या दरामागे लागतो आणि ते समजण्यासारखं आहे. पण बाजार कोसळला की पक्का दर पक्का राहत नाही. अचानक दर्जाच्या तक्रारी सुरू होतात. मंदीत येणारे क्लेम आणि तेजीत येणारे क्लेम मोजून बघा, काय ते कळेल. उलट अडतीच्या व्यवहारात तुमचा माल शेजारच्या कंटेनरच्या आधी विकायचा की नंतर, हे ज्याच्या हातात आहे त्याचा स्वतःचा पैसा त्यात गुंतलेला नसतो. मला किमान हमी दराचा मार्ग बरा वाटतो, पण एका अटीवर: विक्रीचा हिशोब लॉटवार, आकारवार आणि तारखेसह मिळाला पाहिजे. ‘सरासरी दर’ असा एकच आकडा लिहून येत असेल, तर तो आकडा तुमच्यापासून काहीतरी लपवतोय.

दर बोलताना आपला खर्च अधिक नफा असं गणित समोर मांडू नका. परक्या बाजारात तुमच्या खर्चाशी कुणाला देणंघेणं नसतं. शेल्फवरच्या किमतीपासून मागे या: दुकानाचा वाटा, कर, पिकवणीचा खर्च, नासाडी, वाहतूक. उरलं तेवढंच तुमचं. ते पुरत नसेल तर हा बाजार किंवा हा आकार तुमच्यासाठी नाही.

पैसे बुडू नयेत म्हणून कायद्याचा काही आधार असतो का?

काही बाजारांत आहे, आणि तो माहीत नसल्यामुळे लोक वापरत नाहीत. अमेरिकेत १९३० पासून नाशवंत शेतमालासाठी वेगळा कायदा आहे, धंद्यात ‘पाका’ म्हणून ओळखला जाणारा. ताज्या मालाच्या व्यापाऱ्याला त्याखाली परवाना लागतो आणि पैसे थकवले तर तो परवाना धोक्यात येतो. १९८४ च्या दुरुस्तीनंतर खरेदीदाराकडचा तो माल आणि त्याच्या विक्रीचे पैसे न फेडलेल्या विक्रेत्यासाठी विश्वस्त म्हणून राखलेले मानले जातात. मात्र उधारी ३० दिवसांपेक्षा जास्त दिली की हे संरक्षण जातं. ओळखीखातर ४५ दिवस देणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

युरोपीय संघात २०१९ च्या अनुचित व्यापार पद्धतींवरच्या निर्देशानुसार मोठ्या खरेदीदाराने लहान पुरवठादाराचे नाशवंत मालाचे पैसे ३० दिवसांच्या आत द्यायचे असतात, आणि पुरवठ्याच्या तारखेला ३० दिवसांहून कमी अवधी उरला असताना ऑर्डर रद्द करणं निषिद्ध आहे. पुरवठादार संघाबाहेरचा असला तरी हे लागू होतं.

जिथे असं काही नाही, तिथे कंटेनर निघण्याआधी काही टक्के आगाऊ घ्या. ‘आपला माणूस आहे’ हा कायदा नव्हे.

सुपरमार्केट धरावं की घाऊक बाजार?

दोन्ही, पण भूमिका वेगळी. सुपरमार्केट खप देतं, घाऊक बाजार लवचीकपणा. सुपरमार्केटला एकाच आकाराची, एकसारख्या रंगाची फळं लागतात. झाड मात्र सगळे आकार देतं. उरलेल्या आकारांना गिऱ्हाईक हवं, ते घाऊक बाजारात, हॉटेलांना आणि रस काढणाऱ्यांकडे मिळतं. फक्त सुपरमार्केटवर अवलंबून राहिलेला माणूस लहान फळाचं काय करायचं या विवंचनेत हंगाम काढतो.

स्वतःचा ब्रँड काढावा का?

बारा महिने किंवा निदान चार महिने अखंड माल देता येत नसेल, तर घाई करू नका. सहा आठवडे दिसून गायब होणाऱ्या स्टिकरवर केलेला खर्च पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. केळ्यावर स्टिकर लावायला चिकिटाने १९६३ मध्ये सुरुवात केली आणि तो चालला, कारण केळं बारमाही आहे. झेस्प्रीने हीच अडचण वेगळ्या रीतीने सोडवली: न्यूझीलंडचा हंगाम संपला की इटली, फ्रान्स, जपान आणि दक्षिण कोरियातल्या शेतकऱ्यांकडून त्याच वाणाचं फळ त्याच नावाने बाजारात येतं. गिऱ्हाईकाला देश बदललेला दिसतो, स्टिकर तोच राहतो.

दुसरा प्रकार पिंक लेडी सफरचंदाचा. मूळ वाणाचं नाव क्रिप्स पिंक. पश्चिम ऑस्ट्रेलियात जॉन क्रिप्स यांनी १९७३ मध्ये गोल्डन डिलिशस आणि लेडी विल्यम्स यांच्या संकरातून तो तयार केला. पिंक लेडी हा मात्र ट्रेडमार्क आहे. रंग आणि गोडी ठरलेल्या पातळीला पोहोचली नाही, तर त्याच झाडाचं फळ त्या नावाने विकता येत नाही, ते साधं क्रिप्स पिंक म्हणून जातं. या रचनेतली हुशारी अशी की वाणावरचे हक्क ठरावीक वर्षांनी संपतात, ट्रेडमार्कचं नूतनीकरण मात्र करत राहता येतं.

यात एक गोष्ट कुणी सांगत नाही. ब्रँडचा सगळ्यात मोठा खर्च जाहिरातीवर होत नाही. तो त्या नावाने न विकलेल्या फळावर होतो. निकषात न बसणारा माल बिनस्टिकरचा, कमी भावात सोडायची तयारी नसेल, तर आयातदाराच्या किंवा दुकानाच्या नावाखाली विकलेलं काय वाईट?

फळाचं नाव बदललं तर चालतं का?

चालतं, आणि कधी कधी नावच धंदा उभा करतं. किवीची बी १९०४ मध्ये चीनमधून न्यूझीलंडला गेली. तिथे फळाला ‘चायनीज गूजबेरी’ म्हणायचे. १९५९ मध्ये टर्नर्स अँड ग्रोअर्स या निर्यातदार कंपनीने अमेरिकेसाठी नवीन नाव शोधायला घेतलं. ‘मेलोनेट’ सुचलं होतं, पण खरबुजांवर तिथे आयातशुल्क जास्त. म्हणून ते मागे पडलं आणि ‘किवीफ्रूट’ ठरलं. नाव इतकं रुळलं की ते फळाचंच सर्वसाधारण नाव झालं आणि इतर देशांचे उत्पादकही तेच वापरू लागले. ज्यांनी नाव दिलं त्यांच्याकडे त्यावर हक्क काहीच उरला नाही. १९९७ मध्ये ‘झेस्प्री’ हा कोणत्याच भाषेत अर्थ नसलेला शब्द घडवावा लागला तो यामुळे.

चीनमध्ये आयात चेरीला ‘चेलीत्झ’ म्हणतात, इंग्रजी शब्दाचाच तो चिनी उच्चार. देशी चेरीचं नाव ‘यिंगताओ’. वनस्पती जवळची असली तरी गिऱ्हाईकाच्या मनात ही दोन वेगळी फळं आहेत, आणि दरही वेगळे. असं वेगळं नाव बाजारानेच दिलं तर ते जपा.

स्टिकरवरच्या चार अंकांचा अर्थ काय?

तो गल्ल्यावरच्या माणसासाठी असतो. ४०११ म्हणजे पिवळं केळं, लहान रेड डिलिशस ४०१५, मोठं ४०१६. पुढे ९ लागला की सेंद्रिय: ९४०११. हे क्रमांक आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरतात. ‘८ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे जनुकबदल केलेलं फळ’ असा संदेश अधूनमधून फिरतो. दुकानात असा क्रमांक कुणी वापरत नाही. त्यावर उत्तरं देत बसू नका.

दुकानात फळ कापून चाखायला देण्याचा खरंच उपयोग होतो का?

अनोळखी फळासाठी याहून चांगलं साधन नाही. मात्र चाखायला दिलेलं फळ आणि शेजारच्या शेल्फवरचं फळ एकाच पक्वतेचं हवं. तुम्ही खास निवडलेलं पिकलेलं फळ कापून दिलं, गिऱ्हाईकाने घरी नेलेलं तीन दिवस दगडासारखं राहिलं आणि चौथ्या दिवशी काळं पडलं, तर तुम्ही पैसे देऊन आपली बदनामी केलीत.

चाखायला देणारा माणूस फळाबद्दल दोन वाक्यं बोलू शकला पाहिजे: कधी खायचं आणि कसं कापायचं. आंबा, ड्रॅगनफ्रूट, पॅशनफ्रूट यांच्या बाबतीत तर लोकांना लाज वाटते म्हणून ते घेत नाहीत; चारचौघांत विचारायचं कुणाला, की हे साल काढून खातात का? ज्या दुकानात कापण्याची पद्धत चित्राने दाखवली जाते, तिथे हा संकोच उरत नाही.

पिकवणी कोणी करायची, आम्ही की त्यांनी?

जवळपास नेहमीच त्यांनी, बाजाराच्या जवळ. केळं हिरवंच प्रवास करतं, १३ ते १४ अंशांवर. त्याखाली गेलं की साल करपल्यासारखी राखाडी पडते. बाजाराजवळच्या पिकवणी खोलीत इथिलीन देऊन ते चार-सहा दिवसांत रंगावर आणतात. अॅव्होकॅडो कमी तापमानात येतो आणि ‘आज खा’, ‘दोन दिवसांनी खा’ अशा पातळ्यांवर पिकवून विकला जातो. ही सोय झाल्यावर अॅव्होकॅडोचा खप जिथे जिथे वाढला, तिथलं कारण साधं आहे: संध्याकाळी जेवणात हवं असलेलं फळ सकाळी कडक असेल तर माणूस दुसरं काहीतरी घेतो.

म्हणून आयातदार निवडताना त्याच्या पिकवणी खोल्या बघायला स्वतः जा. त्याचं कार्यालय किती चकचकीत आहे हे नंतर बघा.

जाहिरातीचा खर्च कोणी करायचा? आमच्यासारख्या लहान निर्यातदाराला परवडत नाही.

एकट्याने करूच नका. अमेरिकेतल्या हास या वाणाच्या अॅव्होकॅडोचं उदाहरण या बाबतीत पुन्हा पुन्हा अभ्यासण्यासारखं आहे. कीड येईल या भीतीने १९१४ पासून मेक्सिकोच्या अॅव्होकॅडोला अमेरिकेत बंदी होती. १९९७ मध्ये ती सैल झाली, तीही ईशान्येकडच्या राज्यांपुरती आणि हिवाळ्यापुरती. देशभर, वर्षभर मोकळीक मिळायला २००७ उजाडलं. कॅलिफोर्नियाच्या बागायतदारांना वाटत होतं, आपण संपलो.

मधल्या काळात, २००० च्या कायद्याने, एक मंडळ आलं. देशी असो की आयात, प्रत्येक हास फळावर पाउंडामागे अडीच सेंट वर्गणी. जमलेल्या रकमेतला ८५ टक्के भाग ज्याच्या मालावर ती भरली गेली त्याच्याच संघटनेकडे प्रचारासाठी परत जातो, उरलेल्यातून सगळ्यांच्या कामाचं संशोधन आणि बाजाराची आकडेवारी चालते. स्पर्धक एकमेकांविरुद्ध जाहिरात करण्याऐवजी फळ खाण्याचे प्रसंग वाढवू लागले. अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या दिवशी ग्वाकामोले (अॅव्होकॅडोची चटणी) खाण्याची सवय यांनी जोपासली. २०१५ मध्ये मेक्सिकोच्या अॅव्होकॅडोची जाहिरात त्या सामन्यात झळकली, तो ताज्या फळभाज्यांतला पहिला ब्रँड. खप काही पटींनी वाढला आणि कॅलिफोर्नियाच्या बागा अजून आहेत.

लहान निर्यातदारांनी यातून घ्यायचं ते एवढंच: पाच-सहा जणांनी पेटीमागे थोडी रक्कम वेगळी काढली, तरी एका शहरातल्या एका दुकानसाखळीत महिनाभर चाखण्याचे कार्यक्रम होतात. भांडण होतं ते कोणाचा स्टिकर पुढे यावर. तो वाद वर्गणी गोळा करण्याआधी मिटवा.

तिथल्या चालीरीतींचा अभ्यास कितपत करावा?

पेटीच्या रंगापर्यंत. जपानमध्ये फळ हा मानाचा आहेर असतो; एका खरबुजाला स्वतंत्र खोका मिळतो आणि किंचित डाग म्हणजे देणाऱ्याचा अपमान. चीनमध्ये सफरचंदाच्या ‘पिंग’चा उच्चार शांती-सुरक्षिततेच्या ‘पिंगआन’शी जुळतो, म्हणून नाताळच्या आदल्या दिवशी सजवलेली सफरचंदं भेट देतात. उलट नासपती कापून वाटून खाणं टाळतात, कारण ‘नासपती वाटणं’ आणि ‘ताटातूट’ यांचा उच्चार सारखाच. आता कुणी दोघांनी वाटून खाण्याची नासपतीची जोडपेटी घेऊन तिथे गेला तर?

चेरीच्या बाबतीत लाल रंग शुभ, गोल आकार शुभ, आणि मोठं फळ म्हणजे देणाऱ्याची ऐपत. त्यामुळे तिथे चेरी चवीच्या आधी आकारावर विकली जाते: जे, डबल जे, ट्रिपल जे. साधारण ३० मिलिमीटरच्या वरची ट्रिपल जे. एका आकाराचा फरक म्हणजे दरात मोठी उडी. हेच फळ रोजच्या खाण्यासाठी घेणाऱ्या देशात तोच मोठा आकार अडचणीचा ठरू शकतो, कारण तिथे लोक पनेटचं (फळाच्या छोट्या डब्याचं) वजन आणि किंमत बघतात.

प्रमाणपत्रं मार्केटिंगमध्ये मोजावीत का?

नाही. ती दारावरची घंटी आहे. ग्लोबलगॅप (चांगल्या शेती पद्धतींचं प्रमाणपत्र) नसेल तर युरोपातला बहुतेक कोणताही सुपरमार्केट खरेदीदार बोलणारच नाही. असेल तर तुम्ही इतर शंभर जणांसारखे झालात एवढंच. फवारणीच्या औषधांच्या अवशेषांची मर्यादाही तशीच. युरोपीय संघात ज्या औषधाला खास मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम लागू होते, म्हणजे व्यवहारात जवळपास शून्य. आणि काही दुकानसाखळ्या कायद्याहून कडक मर्यादा मागतात.

पण नियम अचानक बदलतात तेव्हा तयारी असलेल्याला बाजार मिळतो. जानेवारी २०२५ पासून चीनने आयात ड्युरियनच्या प्रत्येक खेपेसाठी कॅडमियम आणि ‘बेसिक यलो २’ या पिवळ्या रंगाचा तपासणी अहवाल मागायला सुरुवात केली. ज्यांच्याकडे मान्य प्रयोगशाळा जवळ नव्हती त्यांचे ट्रक सीमेवर थांबले. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका निरीक्षकाला धमकी आल्यावर अमेरिकेने मेक्सिकोच्या अॅव्होकॅडोची तपासणीच आठवडाभर थांबवली होती. एकाच बाजारावर सगळा हंगाम लावणाऱ्यांनी अशा आठवड्यांची कल्पना करून ठेवावी.

देशाचं नाव ठळक करावं का?

युरोपीय संघासारख्या बाजारांत मूळ देश लिहावाच लागतो, तेव्हा प्रश्न फक्त अक्षरांच्या आकाराचा. त्या फळासाठी तुमच्या देशाला आधीच नाव असेल तर मोठं लिहा. नसेल तर वाण आणि चव पुढे ठेवा. शेजाऱ्याने गेल्या वर्षी कच्चं, न पिकलेलं फळ पाठवलं असेल तर देशाचं नाव तुमच्याही पेटीला चिकटतं, हे मात्र तुमच्या हातात नसतं.

आवक एकदम वाढून दर पडला तर?

पहिले दोन दिवस काही करू नका असं सांगणारे भेटतील. माझा अनुभव उलटा आहे. नाशवंत मालात वाट बघणं हाही एक निर्णय असतो आणि बहुधा चुकीचा. कोल्ड स्टोरेजमध्ये माल दाबून ठेवला तर दहा दिवसांनी तो जुना होऊनच बाहेर येतो, आणि बाकीच्यांनीही तेच केलेलं असतं.

त्याऐवजी समुद्रात असलेल्या कंटेनरांपैकी काही दुसऱ्या बंदराकडे वळवता येतील का ते बघा. सुपरमार्केटला सूट देण्यापेक्षा मोठं पॅक त्याच दराच्या जवळपास द्या. किलोचा भाव उतरतो, पण शेल्फवरची किंमत खाली आल्याचं गिऱ्हाईकाच्या लक्षात राहत नाही. एकदा लक्षात राहिलेली कमी किंमत पुन्हा वर न्यायला पुढचा पूर्ण हंगाम लागतो. आणि पॅकहाउसला फोन करून कमी दर्जाचे आकार भरणं त्याच दिवशी बंद करा. पडत्या बाजारात दुय्यम माल भाडंसुद्धा सोडवत नाही.

समाजमाध्यमांवर प्रचार करावा का?

माल दुकानात आहे त्या आठवड्यात, त्या शहरात, कोणत्या दुकानात मिळेल ते सांगून. बाकीच्या वेळी बागेचे सुंदर फोटो तुमचेच नातेवाईक बघतात. चीनमध्ये थेट प्रक्षेपणातून फळविक्री मोठ्या प्रमाणावर होते, पण तिथेही घरपोच पेटी सडकी निघाली की तक्रारीचा व्हिडिओ तितकाच वेगाने फिरतो. त्यामुळे आधी घरपोच पॅकिंगची चाचणी घ्या. पेटी टेबलाच्या उंचीवरून तीनदा पाडून बघा.

पहिल्या हंगामात किती माल पाठवावा?

जेवढा पूर्ण बुडाला तरी पुढच्या वर्षी पुन्हा उभं राहता येईल, तेवढा. पण एकच कंटेनर पाठवून बाजार कळत नाही, कारण एका कंटेनरचं नशीब त्या आठवड्याच्या आवकेवर ठरतं. सहा आठवडे, दर आठवड्याला एक, एकाच आयातदाराकडे, एकाच शहरात; असं करता आलं तर आकारवार दर, नासाडीचं प्रमाण आणि त्या माणसाची हिशोब देण्याची सवय, हे तिन्ही समजतं. कंटेनरभर मालच नसेल तर विमानाने थोड्या पेट्या पाठवता येतात, मात्र विमानभाड्याने मिळालेला दर जहाजाच्या मालाला मिळेल असं धरून चालू नका. दोन्हींचं गिऱ्हाईक वेगळं असतं. पहिला आणि चौथा कंटेनर उघडताना स्वतः तिथे हजर राहा. पहिल्या वेळी सगळे जपून वागतात, चौथ्या वेळी रोजचं काम कसं चालतं ते दिसतं.

आयातदार बदलायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

हिशोब उशिरा येऊ लागतो. मग तुमच्या फोनला त्याचा मदतनीस उत्तर देतो. मग तुमच्याच देशातल्या दुसऱ्या निर्यातदाराचा माल त्याच्याकडे दिसतो, जे चूक नाही, पण तुम्हाला ते दुसऱ्याकडून कळतं. हंगामाच्या मध्यात मात्र बदलू नका. शेवटचा कंटेनर विकला जाऊन पूर्ण पैसे हातात येईपर्यंत थांबा, आणि तोवर नव्या माणसाच्या पिकवणी खोल्या बघून या.